ज्या, कोष्टकें व यंत्र

वर्धा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यांत आष्टी म्हणून तालुक्याचें जें गांव आहे, तें महाराष्ट्रास ठाऊक आहे तें १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळें. त्याहून मागें पाहणाऱ्यास तेथें मुहम्मद खान नियाझी या अफगाण सरदाराची कबर दिसते. मोगलांच्या अमदानींत आष्टीचा मुलूख त्याच्या जहागिरींत होता. १६२७ मध्यें तो वारला आणि त्याच्यावर मोगली धाटणीची देखणी इमारत उठली. या दोन गोष्टींपलीकडे आष्टीच्या इतिहासांत आमच्या विषयाशीं, म्हणजे गणिताशीं, संबंध येईल असें कांहीं आहे ही कल्पना आम्हांस कधीं शिवली नव्हती. पण गेल्या दिवाळींत तसा संबंध आला, आणि तो आमच्याच कुळांतील एका भांडणानें आणला.

आमचे दोन चुलतबंधू आष्टीस शेती करतात. दोघांच्या समाईक मालकीचें एक चौकोनी शेत आहे. सातबाऱ्यावर त्याचें क्षेत्र ६ एकर २० गुंठे. थोरल्यांनीं आपला अर्धा हिस्सा धाकट्यांस विकत देण्याचें ठरविलें, गुंठ्यावर भाव ठरला, इसारही झाला. इतक्यांत थोरल्यांचा मुलगा, जो अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकतो, सुटींत घरीं आला. त्यानें हातांतील फोन घेऊन चारही बांधांवरून फेरी केली, चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टिपले, आणि संगणकावर चार ओळींचा प्रोग्राम लिहून क्षेत्र काढलें. तें भरलें ६ एकर ३७ गुंठे! सतरा गुंठे कागदावर नसलेले. त्यांतले साडेआठ थोरल्यांच्या वांट्याचे. थोरले म्हणाले, त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. धाकटे म्हणाले, सरकारी कागद खोटा आणि पोराचा फोन खरा, हा कोठचा न्याय? बोलणें थांबलें, आणि भाऊबीजेस आलेल्या बहिणींस एकाच अंगणांत दोन निराळ्या चुलींवर जेवावें लागलें. आम्ही गणिताचे प्राध्यापक. म्हणून निवाड्यास आम्हांस बोलावणें आलें.

पुतण्याचा प्रोग्राम आम्हीं पाहिला. कोपऱ्यांचे अंक क्रमानें तिरपे गुणून त्यांच्या वजाबाकीनें क्षेत्र काढण्याची त्याची रीत अगदीं निर्दोष होती. दोष होता तो त्याच्या आधींच्या ओळींत. पृथ्वीवर एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर, हें शाळेंत पाठ केलेलें प्रमाण त्यानें उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम या दोन्ही अंगांस सारखेंच लाविलें होतें. उत्तर-दक्षिणेस तें बरोबर आहे. पण रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात. विषुववृत्तावर त्यांच्यांतील एका अंशाचें जें अंतर, तें आष्टीच्या २१ अंश १२ कलांच्या अक्षांशावर त्याच्या कोटिज्येइतकें, म्हणजे सुमारें शेंकडा ९३ च, उरतें. सातबाऱ्यावर नसलेले गुंठे या उरलेल्या सात टक्क्यांत दडले होते.

आम्हीं हें सांगतांच पुतण्यानें आकड्यापुढें भाषेंतील तयार कोसाइन फंक्शन लिहिलें, कंसांत २१.२ घातलें, आणि कळ दाबली. उत्तर आलें: उणे ४ एकर ३५ गुंठे. थोरले बंधू क्षणभर स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आतां आमच्याकडूनच कांहीं येणें निघतें काय?" धाकटे प्रथमच हंसले. पुतण्या मात्र रागावून म्हणाला, "काकाजी, मशीन कायले चुकते? तुमचा हिशेबच चुकला असंल."

यंत्र चुकलें नव्हतें हें खरें. त्याला २१.२ अंश विचारल्याचें ठाऊकच नव्हतें. तें कोन मोजतें तो अंशांत नव्हे, तर त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसास एक मानून. याला आज रेडियन म्हणतात. २१.२ रेडियन म्हणजे वर्तुळाला तीन पूर्ण प्रदक्षिणा घालून पुन्हां सुमारें एकशें पस्तीस अंश पुढें जाणें. तेथील कोटिज्या ऋणच असते. प्रश्न चुकीच्या एककांत विचारला होता आणि यंत्रानें त्याचें बिनचूक उत्तर दिलें होतें. प्रोग्राम लिहूं लागलेल्या विद्यार्थ्यांच्या हातून हीच चूक वर्षानुवर्षें होत असलेली आम्हीं पाहिली आहे, आणि तिचें कारण आमच्या मतें असें कीं, फंक्शन कसें वापरावें हें आपण शिकवितों, तें कोठून आलें हें शिकवीत नाहीं. "अंश सर्व जगाला समजतात, मग या यंत्रालाच हें रेडियनचें वेड कां?" असें पुतण्यानें विचारलें. त्याचें उत्तर देण्यासाठीं आम्हांस दीड हजार वर्षें मागें जावें लागलें.

इ. स. ४९९ मध्यें आर्यभटानें आपला ग्रंथ रचला, तेव्हां त्यानें पाव वर्तुळाचे चोवीस समान भाग करून प्रत्येकाच्या ज्येचीं अंतरें दिलीं: पहिलें २२५, मग २२४, मग २२२, असें उतरत शेवटचें ७. सर्वांची बेरीज ३४३८ होते, आणि हीच त्यानें मानलेली त्रिज्या. शंभर नाहीं, हजार नाहीं, ३४३८ च कां? वर्तुळाच्या परिघाच्या कला २१,६००. त्यांस पायच्या दुपटीनें भागलें कीं ३४३७ आणि पाऊण येतात; पूर्णांकांत ३४३८. म्हणजे परिघ ज्या मापानें मोजला त्याच मापानें त्रिज्याही मोजली. वांकडी रेघ आणि सरळ रेघ यांना एकच गज लाविला. तीन अंश पंचेचाळीस कलांच्या लहानशा कंसाची लांबी २२५ कला, आणि त्याची ज्याही २२५ च भरते, ती यामुळें. आजच्या यंत्राचें रेडियन तें हेंच. एक रेडियन म्हणजे ५७ अंश व वर सुमारें १८ कला, म्हणजे त्याच ३४३८ कला. जें वेड पुतण्याला परदेशी यंत्राचें वाटलें, तें कुसुमपुरच्या आर्यभटाचें होतें.

ज्या या शब्दाचा प्रवासही सांगण्याजोगा आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हें धनुष्य. पूर्ण दोरीपेक्षां अर्धी दोरीच हिशेबास सोयीची, हें ओळखून आपल्या ज्योतिषांनीं अर्धज्या घेतली आणि पुढें तिलाच ज्या किंवा जीवा म्हणूं लागले. अरबांनीं जीवा हा शब्द जसाच्या तसा उचलला. पण अरबी लिपींत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहींत. पुढच्या वाचकांनीं तीं अक्षरें 'जैब' अशीं वाचलीं. जैब म्हणजे वस्त्राचा छातीवरील घोळ. बाराव्या शतकांत युरोपांतील भाषांतरकारांनीं त्याच अर्थाचा लॅटिन शब्द 'सायनस' घातला, आणि त्याचा साइन झाला. हाच जैब फारसी-उर्दूच्या वाटेनें आपल्याकडे 'जेब' होऊन, खिशाच्या अर्थानें, परत आला आहे. तेव्हां आष्टीच्या बाजारांत कोणी जेबकतऱ्याच्या नांवानें ओरडला, तर तो नकळत आर्यभटाच्या ज्येचा अपभ्रंशच उच्चारीत असतो!

आमच्या महाराष्ट्राचा या विद्येवर विशेष हक्क आहे तो भास्कराचार्यांमुळें. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४, हें त्यांचें जन्मवर्ष. १११४ मध्यें जन्मलेल्या या पुरुषानें छत्तिसाव्या वर्षीं सिद्धांतशिरोमणि पुरा केला, आणि त्याचाच एक भाग असलेली लीलावती पुढें शतकानुशतकें देशभर गणिताचें पाठ्यपुस्तक होऊन राहिली. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें जो शिलालेख आहे, त्यावरून असें दिसतें कीं, त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला. क्षेत्रफळाच्या प्रकरणीं भास्कराचार्यांचा एक शेरा आम्हांस त्या रात्रीं फार आठवला. चौकोनाच्या फक्त चार भुजा सांगून, कर्ण किंवा लंब न सांगतां, जो क्षेत्र विचारतो तो पिशाच्च होय, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच्च, असा त्यांचा अभिप्राय आहे. चार भुजा त्याच राहून चौकोन हवा तसा कलतां येतो, हें त्याचें मर्म. थोरले बंधू सकाळपासून "चारी बांध टेपानें मोजा म्हणजे झालें" असें म्हणत होते; त्यांस हा अभिप्राय आम्हीं जरा सौम्य करून सांगितला.

मग आम्हीं कागद मागविला आणि आर्यभटाचा तक्ता मांडला. आष्टीच्या अक्षांशाची कोटिज्या म्हणजे ६८ अंश ४८ कलांची ज्या. अंश सोडून कलाच घेतल्या तर ४१२८. त्यांस २२५ नीं भागलें, अठरा पूर्ण गेले, ७८ उरले. अठरावी ज्या ३१७७, एकोणिसावी ३२५६, मधलें अंतर ७९. त्रैराशिकानें ७८ कलांस सुमारें २७ येतात. ३१७७ आणि २७ मिळून ३२०४. यांस ३४३८ नीं भागलें कीं ०.९३२. तोंवर पुतण्यानेंही अंशांचे रेडियन करून यंत्रास पुन्हां विचारलें होतें. तिकडे उत्तर होतें ०.९३२३. आतां ६ एकर ३७ गुंठे म्हणजे २७७ गुंठे. त्यांस कोणत्याही आंकड्यानें गुणा, २५८ गुंठेच येतात: ६ एकर १८ गुंठे. दोन्ही भाऊ, त्यांचीं कुटुंबें आणि आंगणांत जमलेलीं मुलें यांच्या देखत पंधराशें वर्षांपूर्वींचें कोष्टक आणि आजचें यंत्र एका गुंठ्याचाही फरक न पडतां एकमतानें बोललीं. अध्यापनाच्या इतक्या वर्षांत वर्गांत इतकी शांतता आम्हीं क्वचित् अनुभविली आहे.

येथें कोणी असा समज करून घेऊं नये कीं, यंत्रांत हें सर्व आपल्याच पूर्वजांनीं भरून ठेविलें आहे. तसा अभिमान सवंग असतो. कोष्टकांतील दोन ओळींच्या मधला आंकडा काढावयाचा कसा, या प्रश्नाशीं सर्व देशांतले गणिती झगडले. सातव्या शतकांतील पहिल्या भास्करानें कोष्टकाशिवाय केवळ गुणाकार-भागाकारानें ज्या काढण्याचें एक सूत्र दिलें. त्यानें आष्टीची कोटिज्या ०.९३१६ येते, आणि गुंठे पुन्हां २५८ च. केरळांत चौदाव्या-पंधराव्या शतकांत माधव व त्याच्या शिष्यपरंपरेनें ज्येची अनंत श्रेढी शोधिली. जितकीं पदें घ्याल तितकी सूक्ष्मता. इकडे युरोपांत १६१४ मध्यें नेपियरनें लॉगरिदम प्रसिद्ध केले, आणि गुणाकाराची बेरीज होऊं लागली. या लॉगरिदमच्या जोरावरच पुढें हिंदुस्थानाची मोजणी झाली. आणि तिची एक दुःखद आठवण आमच्या वर्धा जिल्ह्यांतच आहे.

विल्यम लॅंबटन या इंग्रज सैनिकी अधिकाऱ्यानें १८०२ मध्यें मद्रासजवळ साडेसात मैलांची एक पायारेषा साखळीनें मोजली. त्रिकोणाची एक भुजा व दोन कोन कळले कीं बाकीच्या भुजा ज्येच्या प्रमाणानें निघतात. निघालेली भुजा हीच पुढच्या त्रिकोणाचा पाया. अशी त्रिकोणांची सांखळी तो सुमारें ७८ व्या रेखांशाच्या कडेनें उत्तरेकडे वाढवीत चालला. कोन मोजण्याचें त्याचें थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचें होतें. १८०८ मध्यें तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवितांना दोर तुटून तें आपटलें आणि त्याचें वर्तुळ वांकडें झालें. दुसरा कोणी असता तर त्यानें विलायतेस पत्र लिहिलें असतें. लॅंबटननें तंबूंत कोंडून घेऊन सुमारें सहा आठवडे ठोकून ठोकून तें पूर्वस्थितीवर आणलें. १८१८ मध्यें या कामास ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे असें नांव मिळालें आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा त्याचा मदतनीस झाला. पुढें कचेरी हैदराबादेहून नागपुरास हलविण्याचें ठरलें. म्हातारा, क्षयानें खंगलेला लॅंबटन त्या वाटेनें निघाला, आणि नागपूर गांठण्यापूर्वींच २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें वारला. त्याची कबर तेथेंच आहे. नियाझीसारखी इमारत त्याच्यावर कोणी उठविली नाहीं.

लॅंबटनच्या मागें कोन मोजणारे जितके, त्याहून अधिक कोन सोडविणारे लागले. पृथ्वी गोल असल्यामुळें मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित् जास्त भरते. ती जास्ती वांटून, लॉगरिदम व ज्यांचीं कोष्टकें उघडून, एकेक भुजा काढावयाची, आणि ती दुसऱ्या माणसानें स्वतंत्रपणें पुन्हां काढावयाची. या गणकांस त्या वेळीं 'कंप्युटर' च म्हणत. हा शब्द प्रथम माणसाचा हुद्दा होता, यंत्राचें नांव तो मागाहून झाला. १८३१ मध्यें कलकत्त्याचा राधानाथ सिकदार असाच गणक म्हणून नोकरीस लागला. ज्या शिखरास पुढें एव्हरेस्टचें नांव मिळालें त्याची उंची काढण्यांत त्याच्या गणिताचा मोठा वांटा होता. एव्हरेस्टनें १८३० मध्यें पृथ्वीच्या आकाराचें जें माप प्रसिद्ध केलें, त्यांत विषुववृत्ताची त्रिज्या ६३७७.२७६ किलोमीटर धरली होती. पुतण्याच्या फोनांतील उपग्रहांच्या मापांत ती ६३७८.१३७ आहे. फरक एका किलोमीटरहूनही कमी. कोष्टकांवर आणि साखळीवर काम करणाऱ्यांस ही शाबासकी पुरे.

हीं कोष्टकें यंत्राच्या पोटांत गेलीं तीं विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. १९५७ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें फोरट्रान ही भाषा दिली. तींत ज्या, कोटिज्या, वर्गमूळ यांचीं तयार फंक्शनें पहिल्यापासून होतीं. १९५९ मध्यें जॅक व्होल्डर यानें केवळ बेरीज आणि अंकस्थान सरकविणें एवढ्यावर ज्या काढण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि १९७२ मध्यें खिशांत मावणाऱ्या गणकयंत्रांत तीच युक्ति शिरली. म्हणजे ज्या अखेर जेबेंत आली! मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० मध्यें टिफ्रॅक हें देशी यंत्र चालूं झालें, आणि १९६४ मध्यें तेथें मोठें सी. डी. सी. ३६०० आलें. आम्हीं स्वतः महाविद्यालयांत लॉगच्या पुस्तकाचीं पानें बोटांनीं मळविलीं, आणि दोनच वर्षांनीं फोरट्रानची एक ओळ लिहून तींच उत्तरें मिळविलीं. त्या दिवशीं झालेला आनंद खरा होता; पण कोष्टक उघडतांना 'हा अंशांचा रकाना' असें डोक्यावर छापलेलें दिसे, तें फंक्शनाच्या कंसावर कोठें छापलेलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुतण्यास घेऊन हिंगणघाटास गेलों. मोटारींत त्यानें दोन्ही गांवांमधील सरळ अंतर काढलें. आष्टी २१ अंश १२ कला उत्तर, ७८ अंश ११ कला पूर्व. हिंगणघाट २० अंश ३४ कला, ७८ अंश ५० कला. त्यानें जें सूत्र वापरलें तें नाविकांच्या 'हॅव्हरसाइन' चें. आणि हा हॅव्हरसाइन म्हणजे आपल्या जुन्या उत्क्रमज्येचा अर्धा. उत्तर आलें साडेसत्त्याण्णव किलोमीटर, साठ मैलांहून थोडें अधिक. मग त्यानें दिशा काढली. उत्तर-दक्षिण फरकास पूर्व-पश्चिम फरकानें भागून साध्या व्यस्त स्पर्शज्येच्या फंक्शनास दिलें. आष्टीहून हिंगणघाट पूर्वेपासून दक्षिणेस ४६ अंश. "आतां परतीची काढ," आम्हीं म्हटलें. त्यानें कळ दाबली; तोच कोन. ऋणास धनानें भागा कीं धनास ऋणानें, भागाकार एकच. जाणें आणि येणें या फंक्शनास सारखेंच. याच अडचणीसाठीं फोरट्रानमध्यें १९६१ च्या सुमारास दोन्ही फरक वेगवेगळे घेणारें दुसरें फंक्शन घातलें गेलें, आणि आज बहुतेक सर्व भाषांत तें आहे. त्याचें नांव पुतण्यास ठाऊक होतें, उपयोग नव्हता. त्यानें तें लिहिलें आणि वायव्येस परतीची वाट सांपडली. उत्साहाच्या भरांत त्यानें १८० अंशांची ज्याही यंत्रास विचारली. शून्य यावयाचें तेथें दशांशचिन्हापुढें पंधरा शून्यें व मग १२२ आलें. पाय या संख्येचे अंक कोणत्याही यंत्रांत पुरते मावत नाहींत, म्हणून हा तळाशीं उरलेला गाळ. त्यास तो पाहूनच अधिक समाधान वाटलें असें दिसलें.

लॅंबटनच्या कबरीपाशीं आम्ही थोडा वेळ उभे राहिलों. पुतण्यानें फोनवर तेथील अक्षांश टिपला आणि न सांगतां त्याचे रेडियन करून वहींत लिहिले.

आष्टीस परत आलों तों भांडणानें उलट खाल्ली होती. २५८ गुंठे म्हणजे कागदापेक्षां दोन कमी. तेव्हां धाकट्या बंधूंचें म्हणणें असें कीं, त्यांतला एक गुंठा आपल्या इसारांतून वजा व्हावा. आम्हीं त्यांस समजाविलें कीं, या शेताची एकेक बाजू सुमारें एकशें साठ मीटरांची आहे; फोननें एका बांधाची रेघ एक मीटर जरी सरकविली तरी दीड गुंठा इकडचा तिकडे होतो, आणि फोन त्याहून अधिक सरकवितो. दोन गुंठे हे शेतांत नाहींत, फोनाच्या चुकींत आहेत. सातबाऱ्यावरील ६ एकर २० गुंठ्यांवरच व्यवहार पुरा करावा, आणि ज्यास शंका असेल त्यानें भूमि अभिलेख कार्यालयांत फी भरून हद्दीच्या खुणा करून घ्याव्या, असें ठरलें. फी कोणी भरावयाची यावर मात्र आम्ही निघेपर्यंत एकमत झालें नव्हतें. पण तें बोलणें दोघे भाऊ एकाच ओट्यावर बसून करीत होते.